पहिल्या सकाळची बाई

माबाम्बाच्या धक्क्यावर तेओपिस्ता नाल्वोगा ठाऊक नाही असा माणूस सापडणार नाही, आणि तिनं एकदा तरी पाणउतारा केलेला नाही असाही सापडणार नाही. बावन्न वर्षांची बाई, उंचीनं बेताची, हात मात्र वल्हं मारून मारून घट्ट झालेले. तिच्या लेखी जगात दोन प्रकारची माणसं होती. एक ज्यांना पक्षी दिसत नाही ती, आणि दुसरी न दिसताही दिसला म्हणणारी. पहिल्यांची तिला कीव यायची. दुसऱ्यांचं ती तोंड बघायची नाही, आणि धक्क्यावर भरणा त्यांचाच होता.

आमच्या दलदलीत बुल्वे राहतो. करडा, माणसाच्या छातीला लागेल एवढा उंच, चोच बुटाएवढी. उंच पपायरस गवताच्या कडेला मम्बा माशाची वाट बघत तासन्‌तास हलत नाही. आज त्याला बघायला कुठून कुठून लोक येतात. पण तेओपिस्ताच्या लहानपणी मासेमार त्याचं नावही घेत नसत. सकाळी बुल्वे दिसला की त्या दिवशी मासा लागणार नाही, अशी सगळ्यांची पक्की समजूत होती. कोणी होडी वळवून घरी जाऊन झोपे, कोणी सरळ भाला फेके. बाईनं होडीत पाय ठेवला तरी तसाच अपशकुन. तेओपिस्ताचा बाप म्हणायचा, "बुल्वे आणि बाई, होडीच्या पुढ्यात दोन्ही नकोत."

तिला बाविसावं वर्ष लागलं होतं तेव्हा एक काटकुळा परदेशी माणूस दुर्बीण गळ्यात अडकवून धक्क्यावर आला आणि म्हणाला, मला बुल्वे दाखवा. पुरुष हसले. उभा दिवस वाया घालवायला कोण जाणार? तेओपिस्ता बाजूला जाळी वाळत घालत होती. तिनं ती तिथंच टाकली, बापाची होडी ढकलली आणि अर्ध्या तासात त्या माणसाला बुल्वेसमोर नेऊन उभं केलं. बाप तिच्याशी पुढे दोन वर्षं बोलला नाही. तिसऱ्या वर्षी पाहुण्यांची रांग लागली, तेव्हा त्याच पुरुषांनी होड्यांवर बुल्वेची चित्रं रंगवली आणि छातीवर बिल्ले लावले. "बापांनी भाले मारले आणि पोरं आता त्याच्या पाया पडतात," ती म्हणायची. "आणि मला शिकवतात, बुल्वे कसा दाखवायचा ते." असं म्हणून ती पाण्यात थुंकायची.

नवरा बारा वर्षांपूर्वी काम्पालात दुसरा संसार थाटून बसला होता. त्याच्याबद्दल ती एवढंच म्हणे की तो स्थलांतर करणारा होता, पण पक्ष्यांना असते ती परत यायची अक्कल त्याला नव्हती.

एवढं तोंड असलेल्या बाईला एक गोष्ट मात्र आतून खात होती. पाहुणे एन्टेबेच्या विमानतळावर उतरत, दुसऱ्या सकाळी आमच्या दलदलीत येत, ती दोन तासांत त्यांना बुल्वे दाखवी. मग ते तिचे हात हातात घेत, फोटो काढत आणि गाडीत बसून पश्चिमेकडे जात. बुडोंगोचं जंगल, सेम्लिकीचं, किबालेचं, ब्विंडीचं. पुढचे पंधरा दिवस ते कुणा दुसऱ्याच्या मागून चालत. तीस वर्षं ती प्रत्येकाच्या प्रवासातली पहिली सकाळ होती, आणि दुपारनंतर तिची आठवणही कोणी काढत नसे. जंगलातल्या चारशे पक्ष्यांचे आवाज तिला पाठ होते, आधी कॅसेटवरून आणि नंतर फोनवरून शिकलेले. त्यातला एकही जंगलात जाऊन पाहिलेला नव्हता. काम्पालाच्या पुढे ती कधी गेलेलीच नव्हती. हे ती कोणाला सांगत नसे. लोकांना सांगे ते वेगळंच. "जंगलातले पक्षी म्हणजे पानाआड तोंड लपवणारे. आमच्या बुल्वेसारखं समोर उभं राहायला छाती लागते."

एप्रिलमध्ये एन्टेबेच्या कातेंडेनं तिला बोलावून घेतलं. कातेंडेची सहलींची कंपनी होती, आणि पक्ष्यांमधलं त्याला इतकंच कळे की कोंबडी कुठली आणि कुठली नाही. जुलैत आठ पाहुणे यायचे होते, सोळा दिवसांसाठी. सगळं जग पालथं घातलेली म्हातारी माणसं. त्यांची अट एकच होती: हिरव्या छातीचा नवरंग आराखड्यात पक्का हवा. नसेल तर ते दुसऱ्या कंपनीकडे जाणार होते. आराखडा डेरिकनं केला होता. डेरिक सत्तावीस वर्षांचा, इंग्रजी गुळगुळीत, बूट त्याहून गुळगुळीत. त्यानं कागद प्लास्टिकमध्ये मढवून आणला होता.

तेओपिस्तानं तो हातात धरला आणि वाचला.

"सकाळी सव्वासात, बुल्वे," ती म्हणाली.

"हो, आँटी."

"कळवलंयस का त्याला?"

"कोणाला?"

"बुल्वेला. सव्वासातला यायला सांगितलं असशील ना. आठला तुझी न्याहारी आहे."

कातेंडे हसला. डेरिक म्हणाला, "आँटी, आराखड्यात वेळ द्यावीच लागते. पाहुण्यांना आवडतं."

"चौथ्या दिवशी दुपारी दोनला जंगल. दुपारी दोनला जंगलात काय दाखवणार? पानं? सहाव्या दिवशी नऊ तास गाडीत. काचेतून गिधाडं बघतील. आणि हे काय, नवव्या दिवशी पपायरसमधला खाटीक पक्षी? तो इथं माझ्या दाराशी ओरडतो आणि तू त्याच्यासाठी तीनशे मैल नेतोस? बाळा, हा आराखडा पक्ष्यांचा नाही. हा जेवणाचा आहे. मध्ये मध्ये पक्षी तोंडी लावायला घेतलेत."

डेरिकचे कान तापले. कातेंडेनं खुर्ची पुढे ओढली. "मग तुम्ही कसा आखाल, न्याबो?" बाईमाणसाला अदबीनं म्हणतात तसं तो म्हणाला.

हीच ती वेळ. तेओपिस्तानं कागद टेबलावर टाकला. "मी आखते. पण मग सोळाही दिवस पुढे मी. पहिल्या सकाळी हात हलवून परत यायचं नाही."

कातेंडे जरा वेळ पेनाशी खेळला. मग म्हणाला, "नवरंग पक्का करून आणा, न्याबो. सोळा दिवस तुमचे. पुढच्या शुक्रवारपर्यंत."

 त्या संध्याकाळी घरी तिनं उकडलेल्या केळ्यांच्या माटोकेचा घास तोंडात तसाच धरून वहीत रेघ मारली, आणि पहिल्या दिवसाखाली दुसरा दिवस लिहिला. दुसरा दिवस तिनं आयुष्यात पहिल्यांदाच लिहिला होता.

आखणी तिनं तिच्या पद्धतीनं केली. आधी पक्षी, मग त्याची वेळ, मग माणसाचं जेवण. कुठला पक्षी उजाडायच्या आधी बोलतो, कुठला ऊन तापल्यावर पाण्यावर येतो, हे धरून तिनं दिवस जुळवले. रस्ते तिला ड्रायव्हरांकडून कळले. प्रत्येक जंगलाचा आपला वाटाड्या असतो, त्याच्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही. तेव्हा तिला एकेकाला फोन करावा लागला, आणि ज्यांना ज्यांना ती वर्षानुवर्षं नावं ठेवत आली होती तेच सगळे त्या यादीत होते.

ब्विंडीचा रुहाकाना म्हणाला, "तेओपिस्ता? आम्हाला पक्षी नुसता ऐकवणारे, कानावर पोट भरणारे म्हणाली ती?"

"तीच. खोटं होतं का?"

"खोटं नव्हतं. पण तोंड आवरायला काय घेशील?"

"सहा पाहुण्यांना तुझ्या डोंगरावर चढवशील आणि दोघांना खाली बसवशील, तर आवरते. दोघांचे गुडघे गेलेत."

रुहाकाना हसला आणि तयार झाला. बाकीचेही झाले, थोडं ऐकवून. मंगळवारपर्यंत चौदा दिवस भरले. उरले नवरंगाचे दोन, आणि ते रुयोंगाच्या हातात होते.

रुयोंगा किबालेच्या जंगलाकडेचा, तोरोचा माणूस. नवरंग जमिनीवरच्या पाचोळ्यात चरतो, दिवसभर कुणाच्या नजरेस पडत नाही. फक्त त्याच्या दिवसांत, उजाडायच्या जरा आधी, ठरलेल्या फांदीवर तो उड्या मारतो आणि पंखांचा फुर्र आवाज करतो. पाच-दहा मिनिटं, बस्स. यंदा ती फांदी कुठली, हे फक्त रुयोंगाला ठाऊक होतं, आणि तो ते आपल्या भावालाही सांगत नव्हता.

या माणसाशी तेओपिस्तानं तीन वर्षांपूर्वी काय केलं होतं ते सांगायला हवं. काम्पालात वाटाड्यांची वार्षिक बैठक होती. चहाच्या वेळी रुयोंगा तिच्यासमोर आला आणि अदबीनं म्हणाला, "तुमचं एम्पाको काय?" तोरोच्या लोकांत प्रत्येकाला आपल्या नावाखेरीज आणखी एक नाव असतं. अब्वोली, अराली अशी दहा-बारा ठरलेली नावं आहेत, त्यातलं एक. भेटलं की आधी ते विचारायचं, त्या नावानं हाक मारून खुशाली घ्यायची, मग कामाचं बोलायचं. नुसत्या नावानं हाक मारणं म्हणजे अंगावर ओरडणं. आमच्याकडे हे नाही, आणि नाही म्हणून सांगितलं तर त्यांना रागही येत नाही. पण साधं "नाही" म्हणाली तर ती तेओपिस्ता कसली?

"एकोणपन्नास वर्षांची बाई आहे मी," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "असली लाडाची नावं मांजराच्या पिल्लाला ठेवायची. अब्वोली, अब्वोली! वाटीत दूध ओतून बोलावतात असं."

सगळे हसले. रुयोंगानं कप खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी तो आपल्या पाहुण्यांना घेऊन जात असताना तिनं लांबून "म्याँव" केलं. तेव्हाही सगळे हसले.

आणि आता तिनं त्याच रुयोंगाला फोन लावला. धक्क्यावर बोलतात तशीच सरळ कामावर आली.

"रुयोंगा? मी माबाम्बाची तेओपिस्ता. जुलैत आठ जण येतायत. नवरंग हवाय, दहाव्या आणि अकराव्या दिवशी. पहाटे साडेपाचला तयार राहा."



"झालं?" रुयोंगा म्हणाला.

"झालं."

"मग ठेवतो."

दुसऱ्यांदा केला तर त्यानं "नवरंग? आमच्याकडे नसतो तो," एवढंच सांगितलं. तिसऱ्यांदा उचललाच नाही. तेओपिस्तानं फोन पपायरसच्या चटईवर आपटला आणि सगळ्या तोरो प्रांताला पोटभर शिव्या दिल्या.

बुधवारी डेरिक धक्क्यावर आला. त्याला बातमी लागली होती.

"आँटी, एवढं काय मनाला लावून घेता," तो म्हणाला. "लिहून टाका ना, नवरंग, दहावा दिवस. तिथं गेल्यावर आपण फोनवर आवाज वाजवू. पानात काहीतरी हलतंच. मी म्हणतो, तो बघा, तो बघा! आठातल्या चौघांना दिसतो. उरलेल्या चौघांना लाज वाटते, म्हणून त्यांनाही दिसतो."

तेओपिस्ता त्याच्याकडे बघत राहिली. एखाद्या माशाला वास येतोय की नाही ते बघावं तशी.

"तुझे बूट ओले होतील," ती म्हणाली. "जा घरी."

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, सकाळच्या बसमध्ये ती बसली ती त्या बोलण्यामुळे. रुयोंगाची विनवणी करायची तिला हौस नव्हती. पण डेरिकच्या पंक्तीला बसण्यापेक्षा ते बरं, असा तिनं हिशोब केला. कातेंडेला तिनं सोमवारपर्यंत थांबायला सांगितलं, आणि तो हो म्हणाला. इतक्या गोडीनं हो म्हणाला की तिला तेव्हाच शंका यायला हवी होती.

फोर्ट पोर्टलपर्यंत सहा तास. सहाही तास तिनं खिडकीला नाक लावून नावंच ठेवली. डोंगर उगाच उंच, चहाचे मळे उगाच हिरवे, शेजारचा माणूस उगाच घोरणारा. तिथून बोडा म्हणतात त्या भाड्याच्या मोटारसायकलच्या मागच्या सीटवर बसून, धूळ खात, ती रुयोंगाच्या अंगणात उतरली. रुयोंगा कुदळीला दांडा बसवत होता. त्यानं मान वर केली आणि पुन्हा दांड्याकडे बघू लागला. ओट्यावर त्याची म्हातारी आई भिजवलेल्या घेवड्याची सालं काढत होती.

म्हातारीनं हात पुसले, तिला जवळ बोलावलं आणि पहिलाच प्रश्न केला, "तुझं एम्पाको काय, बाई?"

रुयोंगा न वळताच म्हणाला, "त्यांना नाही, आई. त्यांना नको असतं."

म्हातारी थबकली. तिला खरोखरच कळेना. "नाही? मग हिला मायेनं हाक मारायची झाली तर काय म्हणतात?"

तेओपिस्ताच्या तोंडाशी उत्तर यायला हवं होतं. आलं नाही. धक्क्यावर तिला बाई म्हणत, न्याबो म्हणत, आँटी म्हणत, पाठीमागं आणखी काय काय म्हणत. मायेनं म्हणायचं असं काही नव्हतंच. आई असताना असेल, पण ते काय होतं ते तिला आठवेना. ती म्हातारीसमोर गुडघ्यांवर बसली, आमच्याकडे मोठ्या माणसांसमोर बसतात तशी, आणि घेवड्याचा एक दाणा उचलून त्याचं साल काढू लागली. तिला फार वाईट वाटलं, आणि ते वाईट वाटणं लपवायला दाणे पुष्कळ होते.

दांडा बसल्यावर रुयोंगा म्हणाला, "पहाटे चला. जंगल तर बघा आधी."

पहाटे पाचला दोघं जंगलात शिरली. अंधारात तेओपिस्ताचे कान ताठ झाले. एकेक आवाज उठत होता आणि ती हळूच त्याचं नाव घेत होती. डावीकडचं तपकिरी घुबड. वरचा धनेश. तो लांबचा, तो तांबड्या शेपटीचा. रुयोंगा चालता चालता थांबला.

"सगळे ओळखता की."

"कानावर पोट भरते," ती म्हणाली. अंधारात रुयोंगा हसला की नाही ते तिला दिसलं नाही.

एका जागी त्यानं तिला बसवलं. उजाडायच्या बेतात होतं. फुर्र असा आवाज आला, अगदी समोर. पुन्हा आला.

"तो बघा," रुयोंगा पुटपुटला.

तेओपिस्तानं बघितलं. तीस वर्षं अर्ध्या मैलावरून पपायरसमधला करडा ठिपका हेरणारे डोळे. इथं समोर नुसती पानं, पानांमागं पानं, आणि त्यामागं काळोख. दलदलीत नजर लांब टाकायची असते. इथं टाकायला जागाच नव्हती.

"दिसला?"

"नाही."

"त्या तिरक्या फांदीवर. आता?"

"नाही."

"दिसला म्हणा की," रुयोंगा म्हणाला. आवाजात जरा टोचणी होती. "आराखड्यात लिहा आणि जा. सगळे तेच करतात. मी कुठं सांगायला जातोय?"

"न दिसलेला पक्षी मी दिसला म्हणत नाही," तेओपिस्ता म्हणाली. "तुझ्या जंगलात नाही आणि माझ्या दलदलीतही नाही." एवढं बोलून तिनं अहंकार गिळला.  मग ती म्हणाली, "तुमचं एम्पाको काय?"

रुयोंगानं तिच्याकडे वळून बघितलं.

"अराली," तो म्हणाला.

"अराली, बरे आहात ना? अराली, तीन वर्षांपूर्वी मी जे केलं ते घाणेरडं होतं. आणि अराली, ती फांदी कुठली?"

त्यानं तिचा हात धरला, तिचं बोट सरळ केलं आणि अंधारातल्या एका जागेवर रोखलं. "इथंच बघत राहा. बाकी जंगल नाही असं समजा." ती बघत राहिली. फुर्र झालं आणि बोटाच्या टोकावर एक मुठीएवढा पक्षी सरळ वर उडाला आणि पुन्हा त्याच फांदीवर बसला. पोट लाल, छाती हिरवी, पंखावर निळी चमक. पाच वेळा उडाला. सहाव्यांदा उडाला नाही, खाली उतरून पाचोळ्यात गेला. तेओपिस्ताच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही तिला सुचलं नाही.

घरी आल्यावर म्हातारीनं नाचणीचा कारो आणि सालं काढलेल्या घेवड्याचं घोटलेलं कालवण वाढलं. तेओपिस्तानं पहिला घास घेतला तेव्हा म्हातारी तिचा चेहरा नीट न्याहाळून म्हणाली, "आजपासून तू अब्वोली."

 तेओपिस्तानं रुयोंगाकडे बघितलं. तो पाणी पिता पिता ठसकला होता.

"मी काही सांगितलेलं नाही हो, अब्वोली," तो म्हणाला. "आईच्या मनात आलं ते तिनं ठेवलं."

सोमवारी तेओपिस्तानं कातेंडेच्या टेबलावर वही ठेवली. सोळा दिवस, पक्ष्यांच्या वेळेनं बांधलेले, नवरंग दहाव्या दिवशी पहाटे. कातेंडेनं पानं उलटली, तिचं तोंड भरून कौतुक केलं, आणि पाहुण्यांचं उत्तर आलं की कळवतो म्हणाला. आठवड्यानं एन्टेबेहून होडीतून पुडकं आलं. आराखडा प्लास्टिकमध्ये मढवलेला. दिवस तिचे, वेळा तिच्या, नवरंग तिचा. प्रमुख: डेरिक. आणि पहिल्या दिवसाखाली बारीक अक्षरात, माबाम्बा, स्थानिक मदतनीस, तेओपिस्ता.

माणूस इतका हलका असू शकतो हे तिला माहीत होतं, तरी पुन्हा एकदा पटलं. तिनं कातेंडेला फोन केला नाही. ओरडली नाही. तो कागद तिनं होडीत पाणी उपसायच्या डब्याखाली ठेवला, प्लास्टिक असल्यामुळे तिथं बरा टिकणार होता. फक्त रुयोंगाशी दोन मिनिटं बोलली. पुढचं डेरिकनंच नंतर धक्क्यावर सांगितलं, म्हणून कळलं.

जूनच्या शेवटी डेरिकनं रुयोंगाला फोन केला. "रुयोंगा? मी डेरिक, एन्टेबेहून. दहाव्या दिवशी आठ पाहुणे."

"नवरंग? आमच्याकडे नसतो तो," रुयोंगा म्हणाला.

मग खुद्द कातेंडेनं केला. त्यालाही तेच. कातेंडे चिडला, म्हणाला, आराखड्यात लिहिलंय, पाहुणे दोन आठवड्यांवर आलेत.

"त्या पक्ष्याचं अब्वोलीला विचारा," रुयोंगा म्हणाला. "पक्षी तिचा आहे. ती आली तर मी येतो. ती नाही तर फांदी शोधा. जंगल मोठं आहे."

"कोण अब्वोली?"

"हे ज्यांना ठाऊक नाही ते आमच्याकडे कशाला येतात?"

कातेंडेनं तीन दिवस अब्वोली शोधली. फोर्ट पोर्टलमधून त्याला अठरा अब्वोली कळल्या, त्यातल्या दोन मांजरी होत्या. शेवटी ब्विंडीच्या रुहाकानानं हसत हसत पत्ता दिला.

रविवारी सकाळी कातेंडे आमच्या धक्क्यावर उतरला, डेरिकला मागं घेऊन. चिखलातून चालताना दोघांचे बूट आवाज करत होते. छातीवर बुल्वेचे बिल्ले लावलेले सगळे मासेमार होड्या सोडून बघायला जमले. तेओपिस्ता उलट्या होडीला डांबर लावत होती. तिनं मान वर केली नाही.

"तेओपिस्ता," कातेंडे म्हणाला.

ती डांबर लावत राहिली.

"न्याबो, जरा गैरसमज झाला. मी नाव बदलतो. आत्ता, इथंच." त्यानं खिशातून आराखडा काढला, पेन काढलं आणि डेरिकच्या नावावर रेघ मारू लागला. प्लास्टिकवर पेन उमटेना. त्यानं दाबून मारली, घासून मारली. शेवटी तेओपिस्तानं मासे साफ करायची सुरी त्याच्यापुढे सरकवली. कातेंडेनं खरवडून नाव काढलं, पार कागदाला भोक पडेपर्यंत.

"सोळाही दिवस तुमचे," तो म्हणाला. "आता तरी रुयोंगाला फोन करा, तेओपिस्ता."

तेओपिस्तानं ब्रश डब्यात ठेवला, हात फडक्याला पुसले आणि उभी राहिली.

"आधी माझं एम्पाको विचारा."

 कातेंडेनं इकडे तिकडे बघितलं. मग घसा साफ करून म्हणाला, "तुमचं... एम्पाको काय?"

"अब्वोली," ती म्हणाली. "आणि तुमचं?"

"माझं? मला नाही."

"अरेरे," अब्वोली म्हणाली. "मग तुम्हाला मायेनं हाक मारायची झाली तर काय म्हणतात?"

कातेंडेनं डेरिककडे बघितलं.

"जाऊन घेऊन या," ती म्हणाली, आणि पुन्हा डांबराकडे वळली. "बसनं सहा तास लागतात. पाहुणे यायच्या आत परत याल."